संस्थाचालक, विश्वस्त आणि विद्यापीठ : ठराव कोणाचा, जबाबदारी कोणाची?

सातारा-सांगलीकडे कॉलेज चालवणाऱ्या माणसाला लोक ‘संस्थाचालक’ म्हणतात. कारखान्याचा चेअरमन, बँकेचा संचालक आणि संस्थाचालक ही तिन्ही पदे बऱ्याचदा एकाच घरात असतात, कधी कधी एकाच माणसाकडे. कायद्याच्या पुस्तकात मात्र या माणसाचे नाव वेगळे आहे. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी तो ‘विश्वस्त’ असतो, तर विद्यापीठाच्या दप्तरी ‘व्यवस्थापनाचा प्रतिनिधी’. ‘चालक’ म्हटले की गाडी आपलीच वाटू लागते. ‘विश्वस्त’ म्हटले की ती दुसऱ्या कोणाची तरी आहे, हे आठवते.

अमेरिकेत सरकारी विद्यापीठाच्या डोक्यावरही विश्वस्त मंडळ असते. अध्यक्ष नेमायचा, काढायचा, अंदाजपत्रक मंजूर करायचे, हे सारे तेच करते. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठाला विश्वस्त नाहीत. अमेरिकेतले विश्वस्तांचे काम आपल्याकडे अधिसभा, व्यवस्थापन परिषद, कुलगुरू, कुलपती म्हणजे राज्यपाल आणि राज्य सरकार अशा पाच ठिकाणी वाटले गेले आहे. विश्वस्त भेटतात ते एक मजला खाली, विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांत. २०२१ साली साताऱ्यात हे दोन मजले एकमेकांना येऊन मिळाले. रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. तेव्हापासून विश्वस्ताचा अधिकार कुठे संपतो आणि सार्वजनिक विद्यापीठाचा कुठे सुरू होतो, हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

आजीव सभासद आणि रयत

या भागात शिक्षणसंस्था चालवण्याचे दोन जुने नमुने आहेत आणि योगायोगाने दोन्हींच्या खुणा १९१९ या एकाच सालात सापडतात. त्या वर्षी पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

डेक्कन सोसायटीचा नमुना आजीव सभासदांचा होता. शिकवणाऱ्यांनीच संस्था चालवायची आणि ठरलेल्या अल्प वेतनात आयुष्य द्यायचे. ही रचना घडवणाऱ्यांत टिळकांबरोबर कराड तालुक्यातल्या टेंभूचे आगरकर होते. सभासदाने बाहेर काम करून पैसे मिळवावेत की नाही, यावरून वाद पेटला आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. मतभेद विचारांचे होतेच, पण भांडणाचे निमित्त आज ज्याला ‘हितसंबंधांचा संघर्ष’ म्हणतात तेच होते. संस्थेला वाहून घेतलेल्या माणसाने दुसरीकडे किती गुंतावे, हा तो प्रश्न.

रयतेचा नमुना वेगळा. भाऊरावांनी १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आणली, वसतिगृह उभे केले आणि गावोगावचे धान्य, जमिनी व वर्गणी यांवर ते चालवले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट साताऱ्यात शाळकरी मुलांनाही माहीत असते. भावनेचा भाग बाजूला ठेवून कायद्याच्या नजरेने पाहिले, तरी तिचा अर्थ कमी होत नाही. देणगी ज्या हेतूने दिली त्या हेतूला ती बांधली जाते, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक कार्यकारिणीला तो हेतू पाळावा लागतो. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज तिच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

सरकारशी नाते तेव्हाही सरळ नव्हते. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने रयतेचे अनुदान थांबवले. गाडगेबाबांनी खेरांकडे शब्द टाकला आणि पुढे ते पुन्हा सुरू झाले. याच खेर सरकारच्या काळात १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा राज्यात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला लागू आहे.

विश्वस्ताच्या हातात काय असते

आपल्याकडची शिक्षणसंस्था बहुधा दोनदा नोंदलेली असते. एकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि दुसऱ्यांदा १९५० च्या कायद्याखाली, सार्वजनिक न्यास म्हणून. दुसऱ्या कायद्यातले कलम ३६-अ विश्वस्ताचे कर्तव्य सांगते. न्यासाचा पैसा आणि मालमत्ता न्यासाच्या उद्दिष्टांसाठीच वापरायची. घटना, संस्थेची रूढी आणि धर्मादाय आयुक्तांचे कायदेशीर आदेश पाळायचे. आणि सामान्य समज असलेला माणूस स्वतःचा कारभार जितक्या काळजीने करतो तितक्या काळजीने हा कारभार पाहायचा. तज्ज्ञ असण्याची अट नाही, पण निष्काळजीपणाला माफीही नाही.

मर्यादा सुरू होतात त्या यानंतर. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल तर त्यालाही परवानगी हवीच. कर्ज काढायचे तरी मंजुरी घ्यावी लागते. हिशेब दरवर्षी तपासून घ्यायचे असतात, आणि लेखापरीक्षकाला गैरव्यवहार दिसला तर तो अहवालात लिहिणे हे त्याचे काम असते. रस्त्याकडेच्या मैदानावर गाळे काढून भाड्याने देण्याची कल्पना कोणाही कार्यकारिणीला सुचते. त्या गाळ्यांच्या करारांची मुदत किती, हे पाहिले की कारभाराची बरीच कल्पना येते.

संस्थेच्या निवडणुकीनंतर नव्या विश्वस्तांची नावे नोंदवण्यासाठी नव्वद दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. गावातल्या दोन गटांनी दोन वेगळ्या सभा घेऊन दोन वेगळे चेंज रिपोर्ट दाखल करणे हा प्रकार वकिलांना नवा नाही. त्याचा निकाल लागेपर्यंत प्राचार्यांची नेमणूक, बँकेतल्या सह्या आणि विद्यापीठाशी पत्रव्यवहार कोणी करायचा, हाच वाद चालतो. शेवटी त्याची झळ मुलांच्या फीपर्यंत आणि शिक्षकांच्या मान्यतेपर्यंत पोहोचते.

शिक्षाही आहेच. कलम ४१-ड नुसार धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात किंवा काढून टाकू शकतात. न्यासाचे नुकसान झाले तर ते जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याची तरतूदही कायद्यात आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. विश्वस्ताला एकट्याला जवळपास कोणताच अधिकार नाही. ठराव सभेचा असतो, इतिवृत्त सभेचे असते. चुकीची किंमत मात्र प्रत्येकाकडून वेगळी वसूल होऊ शकते. ‘ऐनवेळच्या विषयात’ घाईने मंजूर झालेल्या ठरावाखाली ज्याचे नाव आहे, त्याला ‘मी गप्प होतो’ म्हणून सुटता येत नाही. विरोध असेल तर तो इतिवृत्तात लिहून घेणे, एवढीच त्याची ढाल.

कॉलेजच्या फाटकाआत

विश्वस्तांचा न्यास कॉलेज काढतो, पण कॉलेज चालवण्याचे नियम विद्यापीठ कायद्यातून येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा कायदा होता. नव्या कायद्याने जुनी ‘स्थानिक व्यवस्थापन समिती’ जाऊन ‘महाविद्यालय विकास समिती’ आली. तिचा अध्यक्ष संस्थेचा अध्यक्ष किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी असतो. तिच्यात शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, स्थानिक नागरिक आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारीही बसतात. सदस्य-सचिव प्राचार्य. वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात. कॉलेजचे अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, वार्षिक अहवाल हे विषय या समितीपुढे यायला हवेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. संस्थेच्या बंद खोलीतला निर्णय शिक्षक आणि विद्यार्थी बसलेल्या टेबलावर आणायचा, हा तिचा हेतू. समिती कागदावर किती आणि टेबलावर किती, हे कॉलेजागणिक बदलते.

अनुदानित कॉलेजात शिक्षकांचा पगार सरकार देते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचे पगार कोल्हापूरच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून होतात. त्यामुळे अनुदानित कॉलेजचा विश्वस्त नेमणूकपत्रावर सही करतो, पण पदाला मंजुरी सरकारची आणि नेमणुकीला मान्यता विद्यापीठाची लागते. शिक्षकाला काढून टाकले तर तो विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. ‘उद्यापासून येऊ नका’ एवढ्या एका वाक्यावर नोकरी जाण्याचे दिवस कायद्याने तरी संपवले आहेत.

विनाअनुदानित कॉलेजांची गोष्ट निराळी, आणि तिचे मूळ सांगलीच्याच एका नेत्याच्या निर्णयात आहे. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. सांगलीजवळ बुधगाव आणि तेव्हाच्या इस्लामपूरजवळ राजारामनगर इथली अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच वर्षीची. शेतकऱ्याच्या मुलाला इंजिनिअर होण्यासाठी दुसऱ्या राज्यात जावे लागू नये, ही भूमिका होती आणि ती बऱ्याच अंशी फळली. पण पगाराची दोरी सरकारच्या हातून सुटली आणि ‘देणगी’ हा शब्द नव्या अर्थाने रूढ झाला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने खासगी संस्थांचा संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क मान्य केला. मात्र नफेखोरीला परवानगी नाही, वाजवी शिल्लक संस्थेच्याच वाढीसाठी ठेवता येईल, असे सांगितले. २००५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार प्रकरणात हीच रेषा आणखी ठळक झाली. २०१५ च्या राज्य कायद्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी ठरवणारे शुल्क नियामक प्राधिकरण आले. म्हणजे विनाअनुदानित कॉलेजच्या विश्वस्ताला फीचा आकडा प्रस्तावित करता येतो. तो हिशेबासकट प्राधिकरणाला पटवून द्यावा लागतो.

कोल्हापूरच्या सभागृहात

सातारा आणि सांगली हे एकेकाळी बऱ्याच अंशी एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. इथली कॉलेजे आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, मग पुणे विद्यापीठाला आणि १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूरला. आज शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा एवढेच आहे.

या विद्यापीठात ‘विश्वस्ता’च्या सर्वांत जवळचे पद म्हणजे व्यवस्थापन परिषदेचे सदस्यत्व. कायद्याने ती विद्यापीठाची प्रमुख कार्यकारी संस्था आहे. अध्यक्ष कुलगुरू, सचिव कुलसचिव. अधिसभेतून निवडून आलेले प्राचार्य, शिक्षक, संस्थांचे प्रतिनिधी आणि पदवीधर तिथे बसतात. शिवाय कुलपती व कुलगुरूंचे नामनिर्देशित सदस्य आणि सरकारी अधिकारी. मालमत्ता सांभाळणे, करार करणे, अंदाजपत्रक तपासून अधिसभेकडे पाठवणे, अध्यादेश काढणे ही तिची कामे. परिनियम करण्याचा अधिकार अधिसभेचा, आणि त्याला कुलपतींची संमती लागते. अभ्यासक्रमाचे विनियम विद्यापरिषद करते.

अधिसभा म्हणजे विद्यापीठाची विधानसभा, असे सोप्या भाषेत म्हणतात. तिच्यावर निवडून जाणाऱ्यांत प्राचार्य दहा, शिक्षक दहा, नोंदणीकृत पदवीधर दहा आणि संस्थांचे प्रतिनिधी सहा असतात. वर्षातून किमान दोन बैठका. प्रश्न विचारता येतात, वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षण अहवाल मागता येतो. या सभागृहात सातारा-सांगलीच्या संस्थाचालकाला सहा जागांपैकी एखादी मिळते. आपल्या गावी पहिल्या खुर्चीवर बसणारा माणूस इथे अनेकांपैकी एक असतो.

विद्यापीठाचे हातही मोकळे नाहीत. नवी पदे निर्माण करणे, वेतन बदलणे, विशिष्ट कामासाठी आलेला निधी दुसरीकडे वळवणे किंवा स्थावर मालमत्ता विकणे-भाड्याने देणे यांसाठी राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. खाली न्यासाला धर्मादाय आयुक्तांची आणि वर विद्यापीठाला सरकारची परवानगी. जमिनीच्या बाबतीत दोन्ही मजल्यांवर कुलूप एकाच पद्धतीचे आहे.

सदस्यत्वाच्या अपात्रतेची यादीही वाचण्यासारखी आहे. दिवाळखोर, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, हे नेहमीचे. शिवाय खासगी शिकवणी चालवणाराही विद्यापीठाच्या प्राधिकरणावर बसू शकत नाही. टिळकांच्या राजीनाम्याच्या वेळचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनी असा कलमात येऊन बसला आहे.

हितसंबंधांचा खरा पेच मात्र दुसरीकडे आहे. नवे कॉलेज किंवा नवी तुकडी हवी असेल तर प्रस्ताव विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात बसावा लागतो. तो विद्यापीठ तपासते, सरकारकडे पाठवते आणि सरकार आधी इरादापत्र व मग अंतिम मान्यता देते. ज्याच्या संस्थेचा प्रस्ताव आहे तोच विद्यापीठाच्या प्राधिकरणावरही असेल, तर त्याने काय करावे? न्यायाच्या साध्या तत्त्वाप्रमाणे उठून बाहेर जावे. तो गेला की बसून राहिला, हे इतिवृत्तावरून कळते. म्हणून ही इतिवृत्ते मिळवणाऱ्या पत्रकाराची आणि माहिती अधिकार कार्यकर्त्याची किंमत या भागात मोठी आहे.

सभा टाळली की काय होते

अधिकार सभेचा असतो हे विसरले की काय घडते, याचे एक उदाहरण परदेशातले आणि एक मुंबईचे.

जून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अध्यक्षा तेरेसा सुलिव्हन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांना काढण्याचा अधिकार मंडळाला होताच. पण मंडळाच्या प्रमुख हेलन ड्रगास यांनी सगळ्यांना एकत्र बसवून चर्चा केली नाही, सदस्यांशी एकेकट्याने बोलून आकडा जुळवला. प्राध्यापक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि दोन आठवड्यांनी त्याच मंडळाने एकमताने सुलिव्हन यांना परत घेतले.

मुंबईत २०१७ मध्ये उलटे घडले. तिथे सभाच नव्हती. नवा कायदा लागू झाला होता, पण त्यानुसारची अधिसभा अजून निवडून यायची होती. त्याच काळात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय एका फटक्यात सगळ्या परीक्षांना लावला. निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावायचे हा कायदा; प्रत्यक्षात ते महिनोन्‌महिने रखडले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले.  तातडीच्या वेळी कुलगुरूंना एकट्याने निर्णय घेऊन नंतर प्राधिकरणापुढे ठेवता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पण ‘नंतर’ म्हणायला प्राधिकरण तर असावे लागते.

हे प्रश्न नवे नाहीत. विद्यापीठे कशी चालवावीत यावर देशपातळीवर विचार करणारी एक समिती विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६९ मध्ये नेमली होती. तिचे अध्यक्ष होते साताऱ्यात जन्मलेले माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. त्या वेळी ते स्वतः मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. न्यायालयात आणि कुलगुरूंच्या खुर्चीत दोन्हीकडे बसलेल्या माणसाने हा विषय हाताळावा, हे त्या काळाला शोभणारेच होते.

कुलपतींचा अधिकार किती असावा, हा वाद अजून शमलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने विद्यापीठ कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मंजूर करून घेतले. उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करायचे आणि कुलगुरूपदासाठीची नावे राज्यपालांकडे सरकारमार्फत पाठवायची, असा त्यातला मुख्य भाग होता. पुढच्या वर्षी सरकार बदलले आणि नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय केला. कायदा होता तिथेच राहिला.

एका आवारात दोन पाट्या

साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तीन महाविद्यालये आहेत. हे समूह विद्यापीठ आहे. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली, राज्य सरकारच्या अधिसूचनेने निर्माण झालेले. त्याआधी मुंबईत याच धर्तीवर डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि एचएसएनसी विद्यापीठ झाले होते. कॉलेजे रयतेने उभारली, जमिनी आणि इमारतींमागे शंभर वर्षांच्या देणग्या आहेत. पदवीवर सही मात्र आता सार्वजनिक विद्यापीठाच्या कुलगुरूंची, आणि त्या विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल.

अभिमत विद्यापीठांची वाट यापेक्षा वेगळी. कडेगाव तालुक्यातल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली भारती विद्यापीठ ही संस्था १९९६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. कराडच्या कृष्णा संस्थेला तो दर्जा २००५ मध्ये मिळाला. तिथे राज्याचा विद्यापीठ कायदा नव्हे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम चालतात. विद्यापीठाचे व्यवस्थापन मंडळ मूळ न्यासापासून स्वतंत्र असावे आणि त्याचे अध्यक्षपद कुलगुरूंकडे असावे, अशी त्या विनियमांची दिशा आहे. पण कुलपती नेमतो मूळ न्यासच. समूह विद्यापीठात वरचे टोक राज्यपालांकडे आहे, अभिमत विद्यापीठात ते संस्थेच्या घरातच राहते. दोन्हीकडच्या विश्वस्तांना मालमत्तेसाठी धर्मादाय आयुक्तांकडे आणि अभ्यासक्रमासाठी विद्यापरिषदेकडे जावे लागते. फरक आहे तो वरून प्रश्न विचारणारा कोण, यात.

खालून प्रश्न विचारणाऱ्याची जागाही कायद्याने ठेवली आहे. शिवाजी विद्यापीठाची अधिसभा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये निवडून आली आणि तिची मुदत पाच वर्षांची आहे. पदवीधरांच्या दहा जागांपैकी पाच खुल्या आणि पाच राखीव. मतदान करायचे तर पदवी असून भागत नाही, नोंदणीकृत पदवीधर म्हणून वेगळा अर्ज भरावा लागतो. गावोगावच्या आघाड्या आणि संघटना हे अर्ज गठ्ठ्याने भरून घेतात, म्हणून मतदारयादीत कोण आहे हे बऱ्याचदा निकालाआधीच बरेच काही सांगून जाते. पुढच्या निवडणुकीची नोंदणी सुरू झाली की माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंतच्या पदवीधरांच्या दारात ते अर्ज पुन्हा येतील.